डोनर एकदा देतात आणि परत येत नाहीत, व्हॉलंटिअर मेसेज बघून गप्प बसतात, काय करायचं?

प्रश्न वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुमची छोटी संस्था आहे, शाळा सुटल्यावर मुलांचा अभ्यास घेता, दोनशेच्या आसपास डोनर आहेत, चाळीसेक व्हॉलंटिअर आहेत आणि या सगळ्यांचा मिळून एकच व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर रोज काहीतरी जातं, कधी फोटो, कधी पोस्टर, कधी मदतीचं आवाहन. तरी डोनर एकदा देऊन पुढच्या वर्षी फिरकत नाहीत आणि व्हॉलंटिअर मेसेज बघतात पण उत्तर देत नाहीत. मग तुम्ही विचारलंय की दुसरं एखादं ॲप घ्यावं का, दिवसाला किती पोस्ट टाकाव्यात, आणि सोशल मीडियासाठी पगारी माणूस ठेवावा का.

या तिन्हीचं माझं उत्तर आत्ता तरी "नको" असं आहे. मी सतरा वर्षं हेच काम करतेय, देणगीदारांशी बोलणं आणि स्वयंसेवक सांभाळणं, आणि तुमचं वर्णन वाचून मला वाटतं तुमची अडचण ॲपची नाहीये. माणसाने पैसे किंवा वेळ दिला, त्यानंतर पुढची मागणी येईपर्यंत त्याला तुमच्याकडून काय ऐकू आलं, तिथे गडबड आहे. एक करून बघा. तुमच्या ग्रुपवर मागे तीन महिने जा आणि मेसेजचे तीन ढीग करा. पहिला, ज्यात तुम्ही काही मागितलंय. दुसरा, ज्यात संस्थेचं कौतुक आहे, पाहुणे आले, बक्षीस मिळालं, बातमी छापून आली वगैरे. आणि तिसरा, ज्यात "तुम्ही जे दिलंत त्याचं हे असं झालं" एवढंच सांगितलंय. आम्ही हे आमच्या संस्थेत पहिल्यांदा केलं तेव्हा तिसऱ्या ढिगातले मेसेज हाताच्या बोटांवर मोजता आले आणि त्या दिवशी मीटिंगमध्ये कोणी फारसं बोललं नाही.

अर्थात काही गोष्टी परिस्थितीवर आहेत हे मान्य. तुमचे डोनर बहुतेक ओळखीतले आहेत की अनोळखी, कोणी कंपनी किंवा मोठी फंड देणारी संस्था आहे का (त्यांना वेगळा रिपोर्ट लागतो, त्याचे फॉरमॅट ठरलेले असतात), तुमचं काम दाखवता येण्यासारखं आहे की गुप्तता पाळावी लागते, यावर बरंच बदलतं. पूर किंवा भूकंपाच्या वेळी संस्था दिवसाला दोन-तीनदा लिहिते तेही बरोबरच असतं कारण तेव्हा लोक स्वतःहून माहिती शोधत असतात. तुमच्यासारखं वर्षभर संथ चालणारं काम असेल तर मात्र रोजच्या पोस्टने लोक ग्रुप म्यूट करतात, आणि एकदा म्यूट केला की तुमचा महत्त्वाचा मेसेजही त्यातच बुडतो.

सगळ्यात आधी तो एक ग्रुप मोडा. डोनरच्या मनात एकच प्रश्न असतो, माझ्या पैशाचं काय झालं. व्हॉलंटिअरच्या मनातला प्रश्न वेगळा, मला कधी, कुठे, नेमकं काय करायचंय आणि मी केलेल्याचा उपयोग झाला का. दोघांना एकच मेसेज पाठवला की दोघांनाही तो आपल्यासाठी नाही असं वाटतं. शिवाय ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, डोनरने पैसे दिले म्हणजे आपला नंबर दोनशे अनोळखी लोकांना दाखवायची परवानगी दिली असं होत नाही. डोनरसाठी व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट करा (एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो, एकमेकांचे नंबर दिसत नाहीत), एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण लक्षात ठेवा की ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो, त्यामुळे पहिल्या पावतीसोबतच नंबर सेव्ह करायला सांगा. आणि ईमेल पाठवताना सगळ्यांचे पत्ते बीसीसीमध्ये टाका, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. तसं न करण्याची चूक मी चांगल्या मोठ्या संस्थांकडून झालेली बघितली आहे.

आता डोनरचं बघू. पावती लगेच गेली पाहिजे, शक्यतो त्याच दिवशी, आणि सोबत दोन ओळी माणसाने लिहिलेल्या. हे बहुतेक सगळे करतात. चुकतं ते यानंतर. पैसे दिल्यापासून सहा-आठ आठवड्यांत एक मेसेज असा जायला हवा ज्यात काहीच मागितलेलं नाही, फक्त काय झालं ते आहे. तोही "आपल्या अमूल्य सहकार्यामुळे" अशा भाषेत नको. "तुम्ही दिलेल्या पैशातून चौथीच्या गटासाठी गणिताची साधनं घेतली, गेले तीन आठवडे मुलं ती वापरतायत, भागाकार अजून अवघड जातोय पण अपूर्णांक आता हातात धरून समजतोय" असं लिहा. भागाकार अवघड जातोय हे आवर्जून लिहा, त्याने बाकीचं खरं वाटतं.

एक प्रसंग सांगते. एका गृहस्थांनी आम्हाला वाचनालयासाठी बऱ्यापैकी मोठी देणगी दिली होती. आम्ही त्यांना वर्षाच्या शेवटी गुळगुळीत कागदावर छापलेला चाळीस पानी अहवाल पाठवला, आम्हाला त्याचा फार अभिमान होता. नंतर एका कार्यक्रमात ते भेटले आणि सहज विचारलं, "त्या पुस्तकांचं पुढे काय झालं हो?" ते अहवालात होतं, सत्ताविसाव्या पानावर. त्यांनी तिथपर्यंत का जावं? तेव्हापासून आमच्याकडे अहवाल असतोच, कायद्याला आणि ऑडिटला लागतो, पण प्रत्येक डोनरला त्याने दिलेल्या कामापुरतं अर्ध्या पानाचं वेगळं पत्र जातं. दोनशे डोनर म्हणजे दोनशे वेगळी पत्रं नव्हेत हो, कामं पाच-सहाच असतात, त्यामुळे पत्रंही पाच-सहाच लिहायची आणि नाव बदलायचं.

मोठ्या पातळीवरचं उदाहरण बघा. २०१४ साली डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घ्यायची आइस बकेट चॅलेंजची लाट आली होती, एएलएस या मज्जातंतूंच्या आजारावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला त्यातून साडेअकरा कोटी डॉलर मिळाले. तेव्हा अनेकांनी म्हटलं की ही नुसती गंमत आहे, लोक विसरून जातील. २०१६ साली त्या पैशाची मदत मिळालेल्या संशोधनातून या आजाराशी संबंध असलेलं एनईके१ नावाचं जनुक सापडलं आणि संस्थेने ते थेट बादली ओतणाऱ्यांच्या नावावर मांडलं, की तुम्ही केलंत त्यातून हे आलं. दोन वर्षांपूर्वी भिजलेल्या माणसाला त्याचा धागा जोडून दिला. तुमचं काम छोटं असलं तरी धागा जोडायची पद्धत हीच.

आकडे द्यावेत की गोष्ट सांगावी हा वाद नेहमी होतो. २००७ साली स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात काही लोकांना आफ्रिकेतल्या भुकेची आकडेवारी दाखवली आणि काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या एका मुलीबद्दल सांगितलं. एका मुलीबद्दल वाचलेल्यांनी दुपटीहून जास्त पैसे दिले. आणि जिथे मुलगी आणि आकडे दोन्ही एकत्र दाखवले तिथे देणगी परत खाली आली. मी यातून असं घेतलंय की मदत मागायच्या पत्रात एक माणूस असू द्या आणि आकडे हिशेबाच्या पत्रात द्या, दोन्ही एकाच पानावर कोंबू नका.

पण इथे थांबून एक गोष्ट बोलायची आहे, कारण याच जागी माझ्या हातून मोठी चूक झालेली आहे. आम्ही एका मुलीचा फोटो आणि घरची परिस्थिती आवाहनात वापरली होती. आईने होकार दिला होता, कागदावर सहीसुद्धा होती. आवाहनाला प्रतिसाद भरपूर आला. मग ते पोस्टर फिरत फिरत तिच्याच वर्गातल्या मुलांच्या घरी पोचलं, तिला चिडवलं गेलं आणि ती आमच्या केंद्रात यायची बंद झाली. आम्ही घरी जाऊन माफी मागितली पण ती परत आली नाही. आईने सही केली तेव्हा तिला हे कुठेकुठे जाईल याची कल्पना नव्हती आणि ती आम्ही दिलीच नव्हती. तेव्हापासून नियम असा की नाव बदलायचं, ओळखू येणारा चेहरा घ्यायचा नाही, आणि लिहिलेला मजकूर ज्याच्याबद्दल आहे त्याच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवायचा. वाचताना आपली जीभ अडखळली तर ते वाक्य काढायचं. "बिचारी", "लाचार" हे शब्द या एका सवयीने आपोआप गेले.

वाईट बातमी लपवू नका. आमचं एक कॉम्प्युटर केंद्र जागेच्या भानगडीत अडकलं आणि आम्ही जवळजवळ आठ महिने "लवकरच" "लवकरच" करत राहिलो. शेवटी डोनरना ते बाहेरून कळलं आणि मग जे फोन आले त्यात राग केंद्र रखडल्याचा कमी आणि आम्ही न सांगितल्याचा जास्त होता. आता असं काही झालं की महिन्याच्या आत पत्र जातं आणि त्यात एवढंच असतं: काय कबूल केलं होतं, काय झालं, पैसे किती खर्च झाले आणि किती शिल्लक आहेत, आता काय करणार आणि पुढची खबर कधी देणार. ज्यांना पैसे परत हवेत किंवा दुसऱ्या कामाला वळवायचेत त्यांनी सांगा असंही लिहितो. पहिल्यांदा लिहिताना हात थरथरत होते, खरं सांगते. दोघांनी परत मागितले, बाकीच्यांनी थांबायची तयारी दाखवली.

पगार आणि भाडं यांवरही लोक बोलायला घाबरतात. डोनरला वाटतं माझा पैसा ऑफिसात जातो, आणि ही भावना खरी आहे, २०१४ साली सायन्स मासिकात आलेल्या एका प्रयोगात दिसलं की ऑफिसचा खर्च आधीच दुसऱ्या कुणी उचललाय असं सांगितल्यावर लोक जास्त देतात. असा कोणी उचलणारा असेल तर जरूर सांगा. नसेल तर लाजू नका, शिकवणारी ताई हीच तुमची सेवा आहे, तिचा पगार म्हणजे वरखर्च नव्हे, तसं स्पष्ट लिहा.

आभाराच्या फोनबद्दल मला मत बदलावं लागलं. मी वर्षानुवर्षं सांगत आले की नव्या डोनरला आभाराचा फोन केला की तो पुढच्या वर्षी देतोच. मग सामेक आणि लाँगफील्ड यांचा २०२३ चा अभ्यास वाचला, सहा वर्षं, लाखो नवे डोनर, आणि फोन केलेले आणि न केलेले यांच्या पुढच्या देण्यात काही फरक नाही. मला ते पचायला वेळ लागला. मी अजूनही फोन करते पण आता तो पुढची देणगी मिळावी म्हणून करत नाही. मी फोन करते ते ऐकायला. "तुम्ही आम्हालाच का दिलंत?" या एका प्रश्नावर लोक जे सांगतात ते कुठल्याही सर्व्हेत येत नाही. एका बाईंनी सांगितलं होतं की त्यांच्या मुलाला लहानपणी वाचता यायचं नाही आणि एका शिक्षकाने ते शिकवलं. त्यांना पुढचं पत्र मी वाचनाच्या वर्गाबद्दल लिहिलं, साहजिकच.

आतापर्यंतचं एका दमात: ग्रुप वेगळे करा, दिलेल्याचं काय झालं ते न मागता सांगा, माणसाची अब्रू सांभाळा, बिघडलं तर आपणच आधी सांगा. आता व्हॉलंटिअर, आणि इथे तुमचं दुखणं मला जास्त ओळखीचं वाटलं.

"शनिवारी कोण कोण येऊ शकेल?" असा मेसेज चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकला की शांतता पसरते. त्यात कोणी वाईट नसतं, प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी जाईल. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्येच हे प्रयोगाने दाखवलं होतं, आणखी माणसं हजर आहेत असं वाटलं की एकेकट्याची जबाबदारीची जाणीव कमी होते. म्हणून ग्रुपवर विचारू नका, नाव घेऊन एकेकाला विचारा. सहा माणसं हवीत तर दहांना वेगवेगळा मेसेज करा. त्यात सुरू व्हायची वेळ लिहा तशीच संपायची वेळही लिहा, ही दुसरी वेळ सगळे विसरतात आणि लोक नेमके तिथेच अडतात, कारण एकदा गेलो की किती वेळ अडकू हे कळत नाही. काम काय आहे, तिथे कोणाला भेटायचं, आणि "जमत नसेल तर फक्त नाही लिहा, वाईट वाटणार नाही". नाही म्हणणं सोपं केलं की उत्तरं यायला लागतात, आणि नाही हे उत्तर मिळालं तरी ते शांततेपेक्षा शंभरपट बरं, निदान दुसऱ्याला विचारता येतं.

दुसरं म्हणजे माणूस का आलाय ते पहिल्याच दिवशी विचारा. क्लॅरी, स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये लोक स्वयंसेवा का करतात याची सहा कारणं मांडली: मूल्यं, नवीन शिकणं, जवळच्या माणसांमुळे येणं, करिअर, स्वतःच्या अडचणींतून जरा बाहेर पडणं आणि स्वतःबद्दल चांगलं वाटणं. मी ही यादी पाठ करायला सांगत नाहीये पण एक तरुण अनुभवाचं सर्टिफिकेट हवं म्हणून आलाय आणि एक आजोबा घरात करमत नाही म्हणून आलेत, या दोघांना तुम्ही एकच "समाजासाठी वेळ द्या" म्हणत राहिलात तर दोघंही गळतील. तरुणाला सांगा की तीन महिन्यांत तुला हे हे शिकायला मिळेल आणि पत्र मिळेल. आजोबांना एकट्याने बसून करायचं काम देऊ नका. आणि करिअरसाठी आलेल्याला कमी लेखू नका, आमच्याकडचे सगळ्यात वक्तशीर व्हॉलंटिअर याच गटातले आहेत.

आणि केलेल्या कामाचा निकाल त्यांना कळवा. एका मुलीने आमच्यासाठी कित्येक रविवार बसून हजेरीची जुनी रजिस्टरं एक्सेलमध्ये भरली. मग ती यायची थांबली. दीड वर्षाने भेटली तेव्हा बोलता बोलता मी म्हटलं की त्या आकड्यांवरूनच तर आम्हाला कळलं की पावसाळ्यात कुठल्या वस्तीतली मुलं यायची बंद होतात, आणि तिथे आम्ही जवळ वर्ग सुरू केला. ती बघतच राहिली. तिला वाटलं होतं ते कपाटात पडून आहे. आम्ही तिला तीन वेळा "थँक यू सो मच" म्हटलं होतं पण हे एक वाक्य सांगितलं नव्हतं. ते सांगितलं असतं तर ती येत राहिली असती की नाही माहीत नाही, पण तेवढं आम्ही तिला देणं लागत होतो आणि आम्ही ते दिलं नाही.

किती वेळा लिहावं याचा सगळ्यांना लागू होईल असा आकडा नाही. मी स्वतः एक मोजमाप ठेवलंय, एक मागणी करायच्या आधी न मागणारे तीन मेसेज गेलेले असले पाहिजेत. हा माझ्या अनुभवातला अंदाज आहे, तुमच्याकडे दोनही पुरतील. वारंवारतेपेक्षा मला शब्द पाळणं महत्त्वाचं वाटतं, दर तीन महिन्यांनी लिहू म्हटलंत तर तीन महिन्यांनी लिहा, सांगण्यासारखं फार काही नसलं तरी.

पगारी माणसाबद्दल. आत्ता पोस्टर बनवणारा माणूस नको, आहे त्यांच्यातलाच एकजण आठवड्यातले तीन-चार तास यासाठी मोकळा करा आणि त्याला एक साधा तक्ता द्या. नाव, कधी आणि कशासाठी दिलं, फोनवर बोलायला आवडतं की मेसेज, शेवटचं त्यांना काय कळवलं, आणि आपण त्यांना काय कबूल केलंय. हा शेवटचा रकाना मी कुठल्याच तयार सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून असलेला बघितला नाही, पण आमचं निम्मं काम त्याच्यावर चालतं. कोणी "मला एकदा केंद्र बघायचंय" म्हटलं आणि तुम्ही "नक्की या, कळवते" म्हणालात, ते तिथे लिहिलेलं असलं पाहिजे. लोक हे विसरत नाहीत. आणि कोणी तक्रार किंवा प्रश्न पाठवला तर दोन दिवसांत उत्तर, माहिती नसली तरी "बघून शुक्रवारपर्यंत सांगते" एवढं तरी.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर उद्या असे दहा डोनर काढा ज्यांनी मागच्या वर्षी दिलं आणि यंदा दिलं नाही. संस्थेत सगळ्यात आधीपासून असलेल्या माणसाने स्वतः फोन करायचा, बहुधा तुम्हीच. पैशाचा विषय काढायचा नाही, त्यांनी काढला तरी "त्यासाठी फोन केला नाहीये" म्हणायचं. मागच्या वेळच्या पैशाचं काय झालं ते दोन मिनिटांत सांगायचं आणि मग विचारायचं की आमच्याकडून तुम्हाला काय कळायला हवं होतं जे कळलं नाही. मग गप्प बसायचं, मध्ये सफाई द्यायची नाही, हे सगळ्यात अवघड आहे. ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत तक्त्यात लिहा, आपल्या भाषेत सुधारून नको. दहातले चार फोन उचलतील कदाचित. चौघांचं झालं की मला कळवा, पहिलं पत्र कसं लिहायचं ते त्यांच्या शब्दांवरून ठरवू.